पंधरा अंश

गिरूपिस,
२२ नोव्हेंबर १९९२

चि. गेने हिस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सगळं ठीक. माझी कंबर तेवढी सकाळी माझ्याआधी उठायला तयार नसते.

तुझा झिल्विनास पोचला. बसमधून उतरल्या उतरल्या गुडघ्यावरून हात फिरवत होता. मी हटकलं, तर म्हणाला की मामा, दुखत नाही, सवय लागलीय. आल्या दिवशी माझ्याकडचे बटाट्याचे सहा गोळे आणि वर सायीची वाटी संपवून, आईच्या हाताला ही चव नाही असंही म्हणाला. हे तुला कळवू नको म्हणालाय, म्हणून कळवतो.

तो आता ज्यातून खेळणार तो आपला बास्केटबॉलचा संघ युरोपच्या स्पर्धेत दोन फेऱ्या पार करून गेला, हे तू रेडिओवर ऐकलंच असशील. एवढंसं आपलं गाव, नकाशात बोट ठेवलं तर झाकून जातं! आता गाठ बेल्जियमवाल्यांशी. आधी त्यांच्याकडे सामना, मग आपल्याकडे, आणि दोन्हीचे गुण एकत्र धरायचे.

काळजी एकच. जळणाचं तेल येईनासं झाल्यापासून क्रीडागृहाचा माझा बॉयलर आठवड्यातून दोनदाच पेटतो. पोरं लोकरी टोप्या घालून सराव करतात.

पत्राची वाट पाहतो. माया आहे तशी राहू दे.

तुझा,
फेलिक्सास

—

क्लायपेदा,
३ डिसेंबर १९९२

ती. दादास,

सा. न. वि. वि. तुझं पत्र वॉर्डात उभ्या उभ्या वाचलं. टोप्या घालून सराव, हे वाचलं आणि हातातला ट्रे खाली ठेवला.

दादा, उन्हाळ्यात त्याचा गुडघा उघडला तेव्हा मी त्याच खोलीत होते. आत काय शिवलंय ते मी डोळ्यांनी पाहिलंय. डॉक्टरांनी बजावलंय की थंडीत आखडलेल्या पायाने उडी मारली तर शिवण सुटेल, आणि पुन्हा शिवायला काही उरणार नाही.

त्याचे बाबा बोटीवर गेले ते परत आले नाहीत. तेव्हा मी कुणाला काही विचारलं नव्हतं. या वेळी विचारते आहे. सोबत भिंतीवरचा तापमापक पाठवते. पंधरा अंशांच्या खाली पारा असेल तर तो खेळणार नाही. झिल्विनासने मला वचन दिलंय, मामा सांगेल तसं वागेन. तो तुझ्या शब्दावर आहे आणि मीही.

बॉयलरपेक्षा तूच जास्त तापतोस असं वहिनी म्हणायची. या वेळी तेही कर. रागावू नकोस.

तुझी,
गेने

—

गिरूपिस,
१० जानेवारी १९९३

चि. गेने हिस,

अ. आ. तापमापक न फुटता पोचला. आल्याबरोबर टांगला आणि लगेच पश्चात्ताप झाला. सहा अंश.

बेल्जियमात आपण सात गुणांनी हरलो. तिथे म्हणे पोरांना अर्ध्या बाह्यांतही घाम फुटत होता, आणि झिल्विनास हरणासारखा पळाला. आता घरच्या सामन्यात आठ गुणांनी जिंकायचं आहे, आणि त्याच्याशिवाय ते होणार नाही हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

तेलासाठी मी कुठे कुठे गेलो ते लिहीत नाही, माझीच मला लाज वाटते. पालिकेतला बाबू म्हणाला की आजोबा, प्रसूतिगृहाला देऊ की तुमच्या चेंडूला? मी टोपी घातली आणि बाहेर पडलो.

पण गेने, एक युक्ती सुचली. एक माणूस म्हणजे एक शेगडी. दीड-दोन हजार माणसं दुपारपासून आत बसवली तर? शाळेतल्या मास्तरांनी फळ्यावर गणित मांडून दाखवलं, सोळा अंश येतात. फादरांनी रविवारी वेदीवरून जाहीर केलं की सामन्याच्या दिवशी, २६ तारखेला, सगळ्यांनी बारा वाजता यावं, पोटभर खाऊन यावं, आणि येऊन गप्प बसू नये, नाचावं. शाळेच्या स्वयंपाकघरातली ओना म्हणाली की एवढं पुण्य तर उपासानेही मिळालं नव्हतं.

पोराची काळजी सोड. त्याच्यासाठीच हे चाललंय.

तुझा भाऊ,
फेलिक्सास

—

गिरूपिस,
२८ जानेवारी १९९३

गेने,

रुग्णालयाची गाडी त्याला घेऊन तुझ्याकडे आली असेल. काय झालं ते तुला दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मी सांगतो.

माणसं बाराला आली. अठराशे असतील. पाव, धुरावलेली डुकराची चरबी, अकॉर्डियन. म्हाताऱ्यांनीसुद्धा फेर धरला. तीनला बारा अंश झाले, साडेचारला सोळा. मी तापमापकाचा मुका घेतला, खोटं नाही सांगत.

मग सरावातच बेल्जियमचा एक गडी घसरून पडला. पाठोपाठ आपला एक. खाली लाकूड बर्फासारखं गार, आणि अठराशे माणसांचा श्वास पाणी होऊन त्याच्यावर बसला होता. तीस वर्षं मी वाफेबरोबर काढली, रोज सकाळी खिडकीच्या काचेवर तेच पाणी पुसतो, आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही.

पंचांनी अर्धा तास दिला. जमीन वाळली नाही तर विजय बेल्जियमला. लोकांनी कोट काढले आणि गुडघ्यांवर बसून पुसायला लागले. बायकांनी डोक्याचे रुमाल सोडले. फादरही ओणवे झाले होते. पुसलं की पुन्हा ओलं. शेवटी वरच्या बाकांवरून ओना ओरडली की अरे बाबांनो, आपणच भिजवतोय, चला बाहेर!

आणि गेले. सगळे. बाहेर उणे चौदा होते. एकानेही कुरकुर केली नाही. दारं सताड उघडली, जमीन वाळली. पारा नवावर आला.

झिल्विनास बुटाची नाडी बांधत माझ्याजवळ आला आणि किती अंश म्हणून विचारलं. तापमापक माझ्या मुठीत होता. काचेपलीकडे ती माणसं बर्फात उभी होती, कित्येकांचे ओले कोट अंगावरच कडक झालेले. मी पंधरा सांगितलं.

त्याने माझ्याकडे क्षणभर पाहिलं, बरं म्हणाला, आणि गेला.

सहा मिनिटं उरली होती, आपण सहाने पुढे. चेंडू घ्यायला तो उंच गेला आणि उतरला. रिकाम्या क्रीडागृहात गुडघ्याचा तो आवाज मला शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आला. बाकीच्यांनी रडत रडत खेळून नऊने सामना काढला. बाहेर लोक नाचले, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

तू माझा शब्द मागितला होतास. मी नवाचे पंधरा केले. काय लिहू पुढे?

फेलिक्सास

—

क्लायपेदा,
९ फेब्रुवारी १९९३

दादा,

तीनदा लिहायला बसले, तीनदा फाडलं.

शस्त्रक्रिया झाली. चालेल. खेळणार नाही. हे मी त्याला सांगायच्या आधी त्यानेच मला सांगितलं.

तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं. तुला दोन शिव्या देईल म्हणून थांबले, तर हसला. म्हणाला की आई, पंधरा म्हणताना मामाच्या तोंडातून वाफ निघत होती. मी विचारलं, मेल्या, मग विचारलंस कशाला? म्हणाला की नाही म्हणायचं माझ्याच्याने होत नव्हतं, आणि हो एकट्याने म्हणायची छाती नव्हती.

म्हणजे तुम्ही दोघांनी मिळून मला फसवलंत. तो तेवीस वर्षांचा आहे, त्याला माफ करणं मला भाग आहे. तुझं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. ठरेल तेव्हा कळवीन.

येत्या गुरुवारी त्याला घरी सोडतात. आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो आणि लिफ्ट नाताळापासून बंद आहे. त्याला उचलून वर आणेल एवढा दणकट शेजाऱ्यांत कुणी नाही. तुझ्या खांद्यांनी तीस वर्षं बॉयलरची ओझी वाहिलीत, तर सकाळच्या बसने ये. मी तुझ्याशी बोलणार नाही. बीटाचं सूप शेगडीवर असेल, आपलं आपण वाढून घे.

जिन्याचं तिसरं वळण फार अरुंद आहे. तिथे त्याचा पाय भिंतीला लागू देऊ नकोस.

गेने