संजीवचे तेरा हंगाम

श्रूजबरी,
१४ सप्टेंबर २००८

प्रिय श्रीरंग,

दोन दात, तीन बरगड्या, डाव्या हाताची करंगळी आणि एक गुडघा. तुझ्या धाकट्या भावाला बेसबॉलमधले, सेकंड बेसवरचे तेरा हंगाम एवढ्याला पडले. काल घरोघरचे डबे आणून केलेल्या पॉटलकमध्ये तू वाटीतली बासुंदी चाटूनपुसून संपवलीस आणि सगळ्यांसमोर म्हणालास, "संजीव चांगला होता, ग्रेट नव्हता. मी विरोधात मत देणार." मी तोंड उघडणार तेवढ्यात आमच्या प्रतिमाने टेबलाखालून पायावर पाय दिला. म्हणून लिहितोय. फोनवर मी चार विनोद करून निसटतो, हे तुलाही माहीत आहे.

लीगच्या मानाच्या भिंतीवर संजीवचं नाव लागणार की नाही, ते येत्या शनिवारी पाच जण ठरवणार. दोघं बाजूने, दोघं विरुद्ध, पाचवा तू. नियमाप्रमाणे निवडीसाठी हे त्याचं शेवटचं वर्ष. भावाची बाजू घेतली असं कुणी म्हणू नये, म्हणून तू त्याला जास्तच कडक फूटपट्टी लावतोयस, असं मला वाटतं. चूक असेन तर शिव्या घाल.

तुझे आकडे मला पाठ आहेत. भिंतीवर सेकंड बेसचे दोनच जण: लॅफ्लर आणि ओ'डॉनेल. लॅफ्लरचे सहाशे बारा हिट्स, ओ'डॉनेलचे पाचशे ऐंशी, आपल्या संजीवचे चारशे एकतीस. तू इन्शुरन्समध्ये बसून माणसं सरासरी कधी मरतात ते काढतोस, तुला एवढं पुरतं. पण ओ'डॉनेल जन्मभर ॲल्युमिनियमच्या बॅटने खेळला. तिला चेंडू कुठेही लागला तरी टणकन उडतो. संजीवच्या काळात लीग परत लाकडावर आली होती. लाकूड खोटं बोलत नाही. लॅफ्लर एकोणीस हंगाम खेळला, त्यातले शेवटचे पाच नुसते उभे राहून. संजीवचे तेरा हंगाम आणि त्यांचे पहिले तेरा शेजारी शेजारी ठेव, म्हणजे तो लॅफ्लरच्या पुढे आणि ओ'डॉनेलच्या खांद्याला खांदा लावून निघतो. कर बेरीज.

आणि ही झाली फक्त बॅट. त्या जागेचं खरं काम वेगळंच. फेक झेलायची, बेसवर पाय ठेवून एकाला बाद करायचं आणि वळून पहिल्या बेसवर फेकून दुसऱ्याला. हे करताना पहिला माणूस पळत येऊन खिळ्यांच्या बुटांनी तुझ्या पायांवर घसरतो, कारण त्याला तुझी फेक बिघडवायची असते. लॅफ्लर उडी मारून बाजूला व्हायचा. जुने लोक त्याला नाचणारा म्हणत, कौतुकाने. संजीव हलायचा नाही. फेकून झाल्यावरच पडायचा. दोनशे अठ्ठ्याऐंशी वेळा त्याने असे दोघंदोघं बाद केले. लीगमध्ये तेवढे कुणाचेच नाहीत, आणि तुझ्या तक्त्यात त्याला रकानासुद्धा नाही.

सत्त्याण्णवचा तो सामना आठवतोय? समोरच्या पिचरने मुद्दाम त्याच्या डोक्यावर चेंडू घातला. हेल्मेट फुटल्याचा आवाज मी पार्किंगमधून ऐकला. समोरून कुणीतरी हिणवत ओरडलं, "ए करी, झोप लागली का?" कानातून रक्त गळत असताना हा उठला, पहिल्या बेसवर गेला, आणि पुढच्याच चेंडूवर सगळ्यांचा डोळा चुकवून पळाला आणि दुसरा बेस चोरला. मग दोन्ही संघ मैदानात उतरले. एकाचं नाक फुटलं, एकाचा खांदा निखळला, संजीवचे दोन दात पडले, आणि तू स्कोअरबुक छातीशी धरून कुंपणापलीकडे पळालास. तेव्हा गवतात ते दात शोधत गुडघ्यांवर मी रांगत होतो. एक सापडला.

आता दोन हजार तीनच्या फायनलबद्दल. ती गोष्ट मी पाच वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतोय, अगदी तेल बदलायला आलेल्यालासुद्धा: बेचाळिसाव्या वर्षी हा त्र्यंबक सेकंड बेसवर सेफ, म्हणजे बाद न होता, पोचला आणि आमच्या गॅरेजच्या संघाने संजीवच्या संघाकडून कप मारला. विरोधातले दोघं याच खेळीवर बोट ठेवतात. म्हणतात, मोक्याच्या क्षणी संजीवने चेंडू सोडला. तू तेव्हा स्कोअर लिहीत होतास. सख्ख्या भावाच्या नावावर तू चूक मांडलीस. त्यासाठी मी तुला मानत आलो.

त्याच्या आधीच्या डावात मी धापा टाकत होतो, तेव्हा तो हसून म्हणाला होता, "दादा, बस पकडायचीय का? वॉक करा, वॉक! हार्ट अटॅक येईल." तुझा भाऊ तो, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, प्रेमानेच बोलला. पण डगआउटमध्ये बसलेला आमचा सगळा संघ हसला, आणि मला ते लागलं. सतराव्या वर्षी खिशात काही नसताना सांगली सोडली, तेव्हापासून मला कुणी हसलेलं चालत नाही.

शेवटचा डाव. ते तीन, आम्ही दोन. तिन्ही बेसवर आमची माणसं, एक बाद. मी पहिल्यावर. चेंडू जमिनीवरून त्यांच्या शॉर्टस्टॉपकडे, दुसऱ्या-तिसऱ्या बेसमध्ये उभ्या असलेल्या गड्याकडे गेला, त्याने संजीवकडे फेकला. सांगलीत मी कबड्डी खेळायचो, तिथे पायात कैची घालायला बंदी आहे, कारण गुडघा जातो. मला ती उत्तम यायची. बेस माझ्या उजवीकडे होता. मी डावीकडे गेलो, जिथे संजीव होता, आणि त्याच्या उभ्या पायात दोन्ही पाय अडकवून वळलो. ओलं फळकूट मोडावं तसा आवाज आला. मग तो ओरडला, तुझं नाव घेऊन. चेंडू त्याच्या हातातून तेव्हा सुटला, माझ्या लाथेने. अंपायरला माझ्या पाठीमुळे काहीच दिसलं नाही. त्याने हात पसरले: सेफ. दोन धावा आल्या.

संजीव हॉस्पिटलमध्ये मला म्हणाला, "दादा, इट्स पार्ट ऑफ द गेम." मी त्याला संत्री सोलून दिली. आजही तो जिना चढताना कठडा धरतो, आणि मी मागून चढतो.

मला तुझ्याकडून माफी नकोय, शनिवारी तुझं मत हवंय. हे पत्र तिथे मोठ्याने वाच, त्या चौघांसमोर. मी दाराबाहेर उभा असेन, आत बोलावलंत तर येईन. संजीवला मी उद्या सकाळी सांगणार आहे, त्याच्या घरी जाऊन. तुला आधी कळवलं, कारण ती चूक तू माझ्या भरवशावर लिहिलीस. त्या दिवशी तू मला विचारलं होतंस, "त्याने सोडला ना रे चेंडू, तू पोचायच्या आधीच?" आणि मी मान डोलावली होती. गाडी फाटकात शिरायच्या आधी तिचा वॉटर पंप ओळखणारे कान आहेत हे. चेंडू ग्लोव्हमध्ये बसल्याचा आवाज मी स्वच्छ ऐकला होता. तेव्हा मी बेसपासून चार पावलं लांब होतो.

तुझाच, शनिवारपर्यंत तरी,
त्र्यंबक