उंबरीच्या ओटीत घातलेलं बाळ

१२ नोव्हेंबर
आलो बाई एकदाचे थोरमाळावर! चांदीप गावामागचा डोंगर चढून धुकं ओलांडलं की थोरांचा मुलूख लागतो. माणसं ताडाएवढी, पण बोलायला मऊ. माझ्या सुधाकरला इथे मास्तरकी मिळालीय, पोरं त्याला टेबलावर उभा करून शिकतात. राहायला त्यांचं जुनं खुराडं दिलंय. खालच्या आमच्या आचोळे गावातल्या खोलीपेक्षा ऐसपैस, आणि ऊन किती! शेजारणीने, उंबरीने, एक चिकू दिला, तो तिघं दोन दिवस कापून खातोय. मी शिकलेली तिसरीच, पण सूनबाई विनया म्हणाली, लिहा हो आई. म्हणून हे.

१५ नोव्हेंबर
नातू सातव्या महिन्यातच जन्मलेला, अगदी चिमणीएवढा. असं मूल जगावं म्हणून आमच्याकडे दुसरीच्या ओटीत घालून "तुझंच" म्हणतात आणि पसाभर कोंडा देऊन परत घेतात. माझा भाऊ असाच कोंडू झाला नि नव्वदीपर्यंत विड्या ओढत जगला. उंबरीची ओटी म्हणजे केवढी! मी म्हटलं, घे गं, तुझंच लेकरू. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कोंडा दिला तर तिने खाऊनच टाकला. हसले मी. बाळ उचलून घेतलं, तिने अडवलं नाही.

२३ नोव्हेंबर
बाळाने बाळसं धरलं! उंबरी रोज येते, वाकून बघते. विनयाला ते खपत नाही. म्हणते, ती बोटाने मोजते त्याला. मी म्हटलं, माया गं. पण काल शिवलेलं अंगडं आज दंडातच अडकलं. आणि तोंडाला दुधाचा वास येतो, तो विनयाच्या दुधाचा नाही. उग्र, रानातल्या चिकासारखा. उंबरीला विचारलं तर नुसती हसली. कधी पाजते ही?

३० नोव्हेंबर
पाळणा मोडला. बाळाला आता दोघी मिळून उचलतो. विनयाने जवळ घेतलं की तोंड फिरवतो, उंबरीची चाहूल लागली की खिदळतो. विनया माझ्याशी बोलत नाही. सूपभर कोंडा घेऊन उंबरीकडे गेले, म्हटलं, ती नुसती रीत होती गं, नावाला. ती खाली बसली, हळूच म्हणाली,
"दिलेलं लेकरू आमच्यात परत मागत नाहीत, आजी. आई बदलते. आजी तूच."
देवा, क्षणभर मला बरंच वाटलं.

४ डिसेंबर
विनया म्हणते, आजच्या आज खाली उतरू. पण पोर दारातून निघेना — खांदेच अडकले — रडला तशी उंबरी आली. छप्पर काढलं, एका हाताने. घेऊन गेली. विनया नि सुधाकर मागे धावले —

५ डिसेंबर
दोघं आली नाहीत. छप्पर तसंच उघडं.

६ डिसेंबर
पावलं. उंबरीची नव्हेत — दुडूदुडू, आणि भांडी पडतायत.
तोच! वरून वाकलाय. आजी म्हणाला — पहिला शब्द — किती गोड गं —
हनुवटी लाळेने भिजलीय. ओठाला लाल चिंधी, विनयाच्या साडीची —
दात येतायत त्याला. शिवशिवतात. या वयात पोरं हाताला लागेल ते तोंडा—