डेलियाला परवानगी नाही

कर्टिस,

दुपारी छावणीच्या दवाखान्यातून फोन आला. डेलियाला परवानगी नाकारली. जपानच्या तळावर तिच्या फिट्सवर उपचार करणारा डॉक्टर नाही, म्हणून तिला तिथे नेता येणार नाही. ती नाही म्हणजे मीही नाही. फोनवरची बाई भली होती, बिचारी तीनदा सॉरी म्हणाली. तुझा बदलीचा हुकूम मात्र कायम आहे, चौदा तारखेला निघायचा. एकटा गेलास तर तीनऐवजी दोनच वर्षं, असंही तिने माझी समजूत घालत सांगितलं.

सामान बांधणारे उद्या सकाळी आठला येतील. तुझं सगळं पुढच्या खोलीत काढून ठेवलंय. आमच्या सामानाला त्यांना हात लावू देऊ नकोस. थंडीचे बूट काही सापडले नाहीत, ते तूच बघ. बीन्स आणि भात फ्रिजमध्ये आहे, गरम करून खा.

मी डेलियाला घेऊन सॅन अँटोनियोला आईकडे जातेय. उद्या संध्याकाळी परत येऊ. आज तू दारात दिसलास तर माझ्या तोंडून "जाऊ नकोस" निघून जाईल, आणि मला ते म्हणायचं नाहीये.

डेलियाला मीच सांगितलं. वाटलं, रडेल. पण ती म्हणाली, "तिथे डॉक्टरच नाही? मग डॅडी आजारी पडला तर?"

मी म्हटलं, "डॅडी सैनिक आहे, पडायचा नाही आजारी."

"पण पडला तर? आपण त्याला एकट्याला का पाठवतोय, मम्मी?"

मी तिला गाडीत बसवलं आणि ही चिठ्ठी लिहायला आत आले.

मारिसोल