मेंदीवर नीळ

३ फेब्रुवारी

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

आई परवा इस्पितळातून घरी आली. हातपाय हलतात, बोलणंही फुटलं आहे. पण एक गोष्ट तिच्यादेखत फोनवर सांगवेना, म्हणून लिहिते. ती मला ओळखत नाही. माझी मुलगी कुठे आहे, असं मलाच विचारते. मीच ती म्हटलं, तर म्हणते, माझ्या मुलीचे केस काळेभोर आहेत, तुम्ही तर म्हाताऱ्या आहात. माझ्या हातचा घास घेत नाही. दोन दिवसांत वाटीभर दूध गेलं असेल पोटात. डॉक्टर म्हणतात, मेंदूला धक्का बसला की असं होतं, धीर धरा. धीराने पोट भरतं का ग?

केस रंगवू का? बाजारात काळ्या मेंदीची पुडी मिळते, अर्ध्या तासात काम होतं म्हणे. शिवणाची गिऱ्हाइकं हसतील, साठीला टेकल्यावर हिला काय सुचतंय म्हणून. हसू देत. तू त्वचेच्या दवाखान्यात काम करतेस, तेव्हा तूच सांग.

तुझी,
ताई


६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र आजच मिळालं, लगेच लिहायला बसले. ती पुडी आणली असशील तर आधी फेकून दे. अर्ध्या तासात काळं करते ती नुसती मेंदी नसतेच, त्यात रसायन असतं. परवाच एक बाई आमच्याकडे आल्या, दोन्ही डोळे सुजून बंद.

साधी मेंदी आण आणि निळीच्या पानांची पूड वेगळी आण. कपड्यांची नीळ नव्हे हं, तुझा काही भरवसा नाही! दोन्ही आधी कानामागे लावून दोन दिवस थांब. खाज सुटली तर विषय संपला. नाही सुटली तर भिजवलेली मेंदी तीन तास ठेव, नुसत्या पाण्याने धू आणि मग नीळ लाव. नीळ मात्र कालवल्यावर पंधरा मिनिटांत लावायला घे, मग तिचा रंग चढत नाही. मधल्या वेळात डोकं गाजरासारखं दिसेल, तेव्हा आईसमोर जाऊ नकोस.

आईचं करतेसच, स्वतःचीही काळजी घे.

तुझी,
छोटी


१३ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न.

आठवडा झाला, दोन ओळी नाहीत. फोन उचलत नाहीस. कानामागे काही उठलं का? आई खाते का? रजेचा अर्ज टाकला आहे. काय असेल ते कळव, वाईट असलं तरी.

छोटी


१४ फेब्रुवारी

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

रागावू नकोस. फोन वाजला की आई दचकते, म्हणून त्याचा आवाजच बंद ठेवला होता.

कानामागे काही झालं नाही. रविवारी मेंदी धुतली आणि आरशात पाहते न पाहते तोच आई एकटीच पलंगावरून उतरायला लागली. तशीच धावले. माझं केशरी डोकं पाहून ती किंचाळली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. एक डोळा तिच्यावर ठेवून लावताना नीळ निम्मी मानेवरच गेली. त्या दिवशी केसांना हिरवट झाक होती. वाटलं, आता तर मी कुणीच राहिले नाही. दोन दिवसांनी काळे झाले.

परवा सकाळी आईने डोळे उघडले, निरखून पाहिलं आणि इतके दिवस कुठे उलथली होतीस म्हणून मला फैलावर घेतलं. अख्खी वाटी संपवली ग तिने, माझ्या हातून.

पण दुपारी ती दाराकडे बघत राहिली. त्या पांढऱ्या केसांच्या बाई कुठे गेल्या, म्हणाली. फार मायेने करायच्या, मीच त्यांना टाकून बोलले, त्यांना बोलाव, माफी मागायची आहे. मी म्हटलं, निरोप देते. तर म्हणाली, थकल्या असतील बिचाऱ्या, आधी त्यांना जेवू घाल.

मी शिवणयंत्रापाशी जाऊन चाक फिरवत बसले, आवाजात रडणं ऐकू जाऊ नये म्हणून. मग उठून ताट वाढून घेतलं आणि किती दिवसांनी पोटभर जेवले.

रजा मिळाली तर ये. लोभ पत्रातून पुरत नाही आता.

तुझी,
ताई