व्याह्यांसाठी हार्बिनमध्ये दोन खोल्या

१६ नोव्हेंबर, सकाळ
या हातांनी आजवर केलेल्या वस्तू: लोखंडी पिंपाची कोळशाची शेगडी. आंबट कोबीच्या रांजणाचं झाकण (हवा तसूभर जात नाही). नदीच्या बर्फाला भोक पाडायचं गिरमीट. बर्फावरच्या घसरगाड्या, दोन. लेकीचं, लीश्वेचं टेबल, ज्यावर अभ्यास करून ती हार्बिनच्या कॉलेजात गेली. आणि दरवही. शिवण माझी, रेघा माझ्या, आत १४३ हॉटेलं. बॉयलर दुरुस्तीसाठी अकरा वर्षं हिंडलो, त्याची कमाई. प्रत्येकाचा पाटीवरचा दर, मी दिलेला दर आणि खोली तापवणाऱ्या रेडिएटरचं तापमान. हे कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. मला तर कुणीच काही शिकवलं नाही.

१६ नोव्हेंबर, दुपार
लीश्वेचा फोन. छंगचे (होणारा जावई) आईवडील चार जानेवारीला दक्षिणेतल्या नाननिंगहून येताहेत. बर्फ बघायला, आणि आम्हाला. व्याही-व्याह्यांची पहिली भेट. यजमान आम्ही. मी तात्काळ सांगितलं, राहण्याची व्यवस्था माझी. तिनं दोनदा विचारलं, नक्की? आनंदानं असणार. मग म्हणाली, बाबा, छंगच्या आईचे गुडघे दुखतात, खोली उबदारच हवी. आणि प्लीज, या वेळी काउंटरवर भांडू नका.
भांडत नाही मी. भाव करतो.

१६ नोव्हेंबर, संध्याकाळ
उत्तर तारा हॉटेलला फोन (वहीत क्र. ८७, रेडिएटर ६१ अंश). मॅनेजर थांगबाई जुन्या ओळखीच्या. त्यांचा बॉयलर मी दोनदा उठवलाय. म्हणाल्या, यानदादा, तुमच्यासाठी दोन खोल्या, दिवसाला प्रत्येकी दोनशे वीस युआन, नाश्ता धरून, आदल्या दिवसापर्यंत रद्द करता येतील. मी म्हटलं, एकशे साठ. म्हणाल्या, दादा, जानेवारी आहे. मी म्हटलं, पहिला सांगितलेला दर हा दर नसतोच. म्हणाल्या, मग राहू दे.
हे 'राहू दे' म्हणजे बाई घाबरल्या. ठेवला फोन.

१७ नोव्हेंबर
श्युफनला (बायको) माझे तीन नियम पुन्हा समजावले. एक, पाटीवरचा दर मूर्खांसाठी. दोन, आधी खोली बघायची, खोट काढायची, मग तोंड उघडायचं. तीन, संध्याकाळी सहानंतर जायचं, रिकाम्या खोलीच्या भीतीनं मालकाला घाम फुटलेला असतो. श्युफन म्हणाली, लग्नाआधी मलाही असंच तीनदा बघून गेलात. काय खोट काढलीत ते अजून सांगितलं नाही.
विषय सोडून बोलते.

५ डिसेंबर
उत्तर तारा: तीनशे ऐंशी. थांगबाईंची युक्ती. ओळखली.

१९ डिसेंबर
सहाशे चाळीस. लीश्वेचा फोन. बाबा, सगळा दक्षिण चीन इकडे लोटलाय, मी मोबाइलवरून करून टाकू का? अजिबात नाही. मोबाइलला रेडिएटरचं तापमान कळतं का? ती म्हणाली, बाबा, मोबाइलला निदान खोली तरी मिळते.
पोर शिकली, पण उद्धट झाली.

२३ डिसेंबर
आलेख काढला. लाल शाईनं, मोजपट्टीनं. इतक्या वेगानं चढलेलं तितक्याच वेगानं उतरतं, हा बॉयलरचा नियम आहे. चार तारखेला संध्याकाळी सहा ते साडेसहाच्या दरम्यान दर एकशे नव्वदवर येईल. श्युफनला दाखवला. म्हणाली, रेघ सरळ आलीय.

१ जानेवारी
नऊशे ऐंशी. आता फुटणारच.
नव्या वर्षाचा संकल्प: कुणाचं ऐकून विचलित व्हायचं नाही.

३ जानेवारी
झोप नाही. चारदा उठून शेगडी बघितली. शेगडी ठीक आहे.
माझ्या जुन्या कारखान्याचं ओळखपत्र सापडलं. दाखवलं की दहा टक्के सूट. कारखाना बंद होऊन वीस वर्षं झाली, पण शिक्का स्पष्ट आहे.

४ जानेवारी, दुपारी ३.४०
हार्बिन. उणे चोवीस. नियमाप्रमाणे सहापर्यंत कुठंही शिरायचं नाही. श्युफन म्हणाली, मग मी या दुकानात शिरते, तुम्ही नियमाबरोबर उभे राहा. व्याही सात वाजून दहा मिनिटांनी उतरणार. भेट उत्तर ताऱ्याच्या लॉबीत, आठला.

४ जानेवारी, ६.०५
उत्तर तारा भरलेलं. सगळं. काउंटरवरच्या मुलीला ओळखपत्र दाखवलं. तिनं दोन्ही बाजूंनी बघितलं. म्हणाली, काका, हे कुठल्या सिनेमाचं आहे का? तिचं वय बघून माफ केलं. थांगबाई दिसल्या, पण पलीकडच्या दारानं गेल्या.

४ जानेवारी, ७.१५
सहा हॉटेलं. नाही, नाही, नाही, 'दादा कुठून आलात', नाही, नाही. सातव्यात एक खोली होती. फक्त एक. बाराशे ऐंशी. श्युफन म्हणाली, घ्या, त्यांना देऊ, आपण स्टेशनात बसू. मी म्हटलं, आधी बघू. रेडिएटर वर पंचावन्न, खाली अठ्ठावन्न. तीन अंशांचा फरक! म्हणजे आत हवा अडकलेली. म्हणजे किमान शंभर युआन कमी. आनंदानं खाली आलो. एक दक्षिणेकडचं जोडपं किल्ली घेऊन जिन्यानं वर चाललं होतं. बाईनं माझ्याकडे बघून मान लववली. काउंटरवाला म्हणाला, काका, ते बघायला नाही, राहायला आलेत.
श्युफन माझ्या आधी दाराबाहेर पडली. ती पुढं चालते तेव्हा बरं नसतं.

४ जानेवारी, ७.५०
मार्ग निघाला. रस्त्यापलीकडे मोठं सार्वजनिक न्हाणीघर. माणशी अठ्ठ्याण्णव, पायजमा, रात्रभर आरामखुर्ची, कलिंगड हवं तितकं. विश्रांतीचा हॉल सत्तावीस अंश. गुडघ्यांना उत्तमच. व्याह्यांना सांगायचं, ही आमच्याकडची खरी पद्धत. श्युफन म्हणाली, पहिल्या भेटीत विहीणबाईंना दोनशे परक्या माणसांत पायजम्यात झोपवणार? मी म्हटलं, पायजमे स्वच्छ असतात.

५ जानेवारी, सकाळ. न्हाणीघर
जसं घडलं तसं लिहितो.
आठला व्याही आले. टोपीवर टोपी घातलेली. लीश्वे माझ्याकडे बघत होती, मी न्हाणीघराविषयी सुरुवात करणार, तेवढ्यात व्याही काउंटरवर गेले आणि तीन किल्ल्या घेऊन आले. संकोचून म्हणाले, यानभाऊ, रागावू नका, तुमची व्यवस्था चोख असणारच. आम्ही अडाणी, थंडीला घाबरतो. सतरा नोव्हेंबरला मोबाइलवर दिसल्या, दोनशे वीसनं, रद्द करता येत होत्या, म्हणून धरून ठेवल्या. एक आमची, एक छंगची, एक तुमची. पैशांचं नाव काढू नका.
सतरा नोव्हेंबर. मी नाकारलं त्याच्या दुसऱ्या दिवशी.
मी म्हटलं, आभारी आहे, पण आमची सोय झालीय. श्युफननं त्यांच्या हातातून किल्ली घेतली. म्हणाली, यांची झालीय. माझी नाही.
मी इथं. कलिंगड संपलं होतं. शेजारचा घोरणारा माणूस शेन्यांगचा. हॉलचं तापमान मोजलं, एकवीस.
आत्ता लीश्वेचा फोन. बाबा, आईनं तुमच्यासाठी दोन अंडी रुमालात बांधलीत, छंगची आई विचारतेय तुम्ही कुठं उतरलात. मी म्हटलं, ओळखीच्यांकडे.
वहीत नोंद करायची म्हणून करतो.
क्र. ८७, उत्तर तारा. १६ नोव्हेंबर: दोनशे वीस युआन, नाश्ता धरून. नाकारलं.
४ जानेवारी: तीच खोली. शून्य युआन, नाश्ता धरून. नाकारलं.