उन्हवली चषकाची राहिलेली साक्ष

मी, संघमित्रा अंकुश कासारे, माहेरची संघमित्रा गंगाराम तांबे, वय वर्षे एकसष्ट, राहणार जुईनगर, नवी मुंबई, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या मर्जीने आणि सकाळचा चहा घेऊन झाल्यावर लिहीत आहे. मन ताळ्यावर आहे. त्याची खात्री करण्यासाठी डॉ. नमिता यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी दोनपर्यंत उतरले आणि पुढे उणे आकडे सांगू का असे विचारले, तेव्हा त्यांनी निमूट दाखला लिहून दिला. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणण्याची सवय असलेली माणसे एव्हाना वारली आहेत.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हेच पहिले, आणि पुन्हा काही मनात आले नाही तर हेच शेवटचे.

१. जुईनगरचा फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर आहे. तुर्भ्याच्या औषध कारखान्यात तीस वर्षे आधी पॅकिंगला आणि नंतर सुपरवायझर म्हणून उभे राहून तो घेतलेला आहे. माझे यजमान अंकुश हयात असताना त्यांनीच तो माझ्या नावावर घ्यायला लावला, याबद्दल त्यांचे उपकार इथे नोंदवते. हा फ्लॅट माझी मुलगी राजश्री हिला द्यावा. मुलगा सनी याला उरणचे घर घेताना मी हातभार लावलेला आहे आणि फ्लॅटवर आपला हक्क नाही हे त्याला मान्य आहे. मान्य करताना त्याच्या तोंडात घास होता, म्हणून इथे लिहून ठेवते.

२. बँकेत जे काही असेल ते दोघांनी अर्धे-अर्धे घ्यावे. भांडू नये. भांडायचेच असेल तर मी असताना भांडून घ्यावे, म्हणजे मला निकाल देता येईल.

३. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी श्री. चंद्रशेखर यांना मी टेनिसचे अकरा बॉल देते. ते बॉल त्यांच्याच कपाटात आहेत. पार्किंगच्या भिंतीवर मी पोरींना फोरहँड शिकवत असताना त्यांनी ते वेळोवेळी जप्त केले. 'मॅडम, भिंतीचं प्लास्टर जातंय,' हे त्यांचे म्हणणे. प्लास्टर गळतीने जात होते, बॉलने नाही. बॉल त्यांनी ठेवून घ्यावेत, पण गळती काढावी.

४. माझ्या वडिलांची लाकडी रॅकेट, रॅकेटला गट (आतड्याच्या तारा) भरायची आरी आणि पक्कड, तसेच आईची सारवणाची बादली, या चारही वस्तू राजश्रीकडे जातील. त्या कुठून आल्या हे तिला अर्धेमुर्धे माहीत आहे. पुरते इथे लिहिते, कारण ज्या गावाच्या त्या आहेत तिथे हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

उन्हवली हे कोकणातले गंधकाच्या गरम कुंडांचे गाव. मुंबई-पुण्याकडचे सांधेदुखीचे पाहुणे तिथे महिना-महिना येऊन राहत. सकाळी कुंडात बसायचे, दुपारी झोपायचे, आणि संध्याकाळी काय करायचे हा प्रश्न. त्यावर उपाय म्हणून तिथल्या आरोग्यभवनाच्या डॉक्टरांनी १९३१ साली टेनिसची स्पर्धा काढली. पहिल्या वर्षांचे नियम वडिलांना तोंडपाठ होते. पाठीच्या पेशंटला बॉलचे दोन टप्पे माफ. गुडघ्याच्या पेशंटने सर्व्हिस खुर्चीवर बसून केली तरी चालेल. हळूहळू पाहुण्यांबरोबर खरे खेळणारेही येऊ लागले, बेळगावपासून नाशिकपर्यंतचे, आणि उन्हवली चषकाला नाव झाले. दर माघात आठ दिवस गाव गजबजून जाई. स्पर्धेची एक प्रथा होती. जो जिंकेल त्याला चषक, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे देवाच्या कुंडात पहिल्या आंघोळीचा मान. गावातले कोणीही त्याच्या आधी पाण्यात उतरायचे नाही.

माझे वडील तिथे मार्कर होते. पाहुण्यांना सराव द्यायचा, रॅकेटी दुरुस्त करायच्या, चुन्याच्या रेषा ओढायच्या, हे मार्करचे काम. स्पर्धेत येणाऱ्या निम्म्या लोकांना ते सहज हरवत, पण नियमाने नोकरांना भाग घेता येत नसे. आई, शेवंताबाई, कोर्ट सारवायची. शेणमाती आणि कुंडाचे ऊन पाणी. ते पाणी खालच्या कुंडातले, कारण वरच्या दोन्ही कुंडांना, देवाच्या आणि पाहुण्यांच्या, आमच्या बौद्धवाडीने हात लावायचा नसे. उन्हाने आणि त्या पाण्याने कोर्ट असे खडखडीत वाळे की बॉल हातभर उसळायचा. आठ दिवस सगळे त्या कोर्टाची तारीफ करत. आईला बिदागी म्हणून दरवर्षी एक लुगडे मिळे.

५. नियमात नोकरांना बंदी होती, नोकरांच्या मुलींविषयी काही लिहिलेले नव्हते. इतक्या पुढचे कोणाला सुचणार! १९८६ साली मी फॉर्म भरला. वडिलांनी मला पाहुणे झोपलेले असताना दुपारी शिकवले होते आणि कॉलेजच्या संघात मी पहिल्या नंबरला खेळत होते. चार फेऱ्या जिंकले. अंतिम सामना रविवारी, १६ फेब्रुवारीला, राजलक्ष्मी हिच्याशी. ती स्पर्धेचे अध्यक्ष बाजीराव यांची मुलगी. चांगली खेळायची, हे खोटे बोलून मला काही मिळवायचे नाही. तिचा बॅकहँड मात्र कच्चा होता.

पहिला सेट माझा, ६-४. दुसऱ्यात ५-४, ४०-३०, सर्व्हिस माझी; एवढा एक पॉइंट घेतला की सामना माझा. मी बॉल तिच्या बॅकहँडला रेषेलगत मारला. ती पोचली, पण उशिरा. मला चुना उडालेला दिसला. रेषेवरचा गृहस्थ 'आऊट' ओरडला. अंपायर मुंबईचे पाहुणे होते, सज्जन माणूस. ते म्हणाले, "थांबा, खूण बघू." सारवलेल्या कोर्टावर खूण लपत नाही. ते शिडीवरून उतरत होते तेवढ्यात बाजीराव उठले.

"शेवंता, तिथलं कोर्ट उखडलंय. तेवढं सारवून घे."

आई बादली घेऊन आली. तिने माझ्याकडे एकदा पाहिले. मग वाकली आणि हात फिरवला. अंपायर पोचले तेव्हा तिथे ओले शेण होते. बाजीराव म्हणाले, उजेड कमी झालाय, उरलेला खेळ उद्या. दुसऱ्या दिवशी आरोग्यभवनाच्या दारावर कागद होता : अपरिहार्य कारणास्तव सामना तहकूब. ती तहकुबी अजून चालू आहे. पुढच्या माघात स्पर्धा भरवली नाही, त्याच्या पुढच्या माघात कोणी विचारले नाही. पंचावन्न वर्षांची स्पर्धा त्यांनी मोडली, पण पहाटेच्या त्या पाण्यात मला उतरू दिले नाही. आमच्या घरात याचा सगळ्यांत मोठा मार आईला बसला.

६. माझे अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधेपणाने व्हावेत. माझ्या अस्थी उन्हवलीच्या कुंडात नेऊ नयेत. सनीच्या डोक्यात असले नाट्यमय काहीतरी येऊ शकते. मला त्या पाण्याची गरज तेव्हाही नव्हती. मला सामना जिंकायचा होता.

आई शेवटची सहा वर्षे जुईनगरला माझ्याजवळ होती. फरशी पुसताना तिला कोणी दिसले की ती दुसरीकडे बघायची. २००९ साली जाण्याच्या चार दिवस आधी ती म्हणाली, "बाय, बॉल चुन्यावर व्हता. अर्दा चुन्यावर. मी बगितला, नि मीच सारवला. माज्या हातानं गेला गं तुजा." मी म्हटले, आई, तू हुकुमाने सारवलंस. ती म्हणाली, "हात माजाच व्हता ना." हे तिच्या मनातून काढायला मला जमले नाही. बाकी पुष्कळ गोष्टी मला आयुष्यात जमल्या.

७. चषकाबाबत. सामना तहकूब झाल्यावर तो बाजीरावांच्याच घरी राहिला; आता राजलक्ष्मीच्या दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये असतो आणि त्यात टीव्हीचा रिमोट ठेवतात. होय, ती इथेच राहते. २०१३ साली समोरच्या बिल्डिंगमध्ये मुलाकडे आली. भाजीच्या गाडीवर मला निरखून म्हणाली, "तू मार्कर गंगारामची ना?"

"आणि तू ५-४, ४०-३० ची," मी म्हटले.

तेव्हापासून आम्ही रोज सकाळी बागेत चालतो. तिच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनला मी महिनाभर डबा पोचवला. अंकुश गेले तेव्हा ती तेरा दिवस माझ्याकडे झोपायला होती. माझी मैत्रीण आहे आणि मला ती आवडते, हेही कागदावर असू द्यावे. पण बॉल कुठे पडला हे मी तिला बारा वर्षांत तीनदा विचारले. तिन्ही वेळा एकच उत्तर : "अगं, आता कोण विचारतंय? सोड ना, उगाच टेन्शन." मी विचारतेय, हे तिच्या लक्षात येत नाही किंवा फार लक्षात येते.

जे माझे नाही ते मला कोणाला देता येत नाही. म्हणून असे लिहिते : चषक माझा असेल तर तो राजश्रीला द्यावा, तिने वाशीच्या कोरणाऱ्याकडून १९८५ च्या खाली एक ओळ कोरून घ्यावी : '१९८६, संघमित्रा शेवंताबाई गंगाराम'. आईचे नाव गाळू नये. चषक माझा नसेल तर हे कलम रद्द समजावे आणि रिमोट आहे तिथेच राहू द्यावा.

८. वकीलबाई म्हणाल्या, मृत्युपत्रात ज्याला काही द्यायचे त्याला साक्षीदार करू नये. तसेच दोन साक्षीदार लागतातच, एकाने भागत नाही. हे ऐकून मला बरे वाटले. चुन्यावरच्या बॉलची एक साक्ष आई देऊन गेली, दुसरी राहिली आहे. सबब राजलक्ष्मीला मी काहीही देत नाही. माझी पैठणी तिला फार आवडते, तीही नाही. मला तिची साक्ष हवी आहे. चषक माझा की नाही, हे तिने माझ्या सहीखाली, स्वतःच्या अक्षरात लिहावे आणि मग सही करावी. काहीही लिहिले तरी उद्या सकाळी मी बागेत येणार आहे.

वरील सर्व मजकूर मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही करत आहे.

संघमित्रा अंकुश कासारे

साक्षीदार क्र. १ : डॉ. नमिता, जुईनगर. लिहून देणाऱ्या बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीत आहेत.

साक्षीदार क्र. २ : राजलक्ष्मी, बाजीराव यांची मुलगी, जुईनगर. संघमित्राने माझ्यासमोर सही केली. चषक तिचा आहे, रिमोट घरी काढून ठेवला आणि चषक पिशवीतून आणला आहे. बॉल चुन्यावर होता. खूण माझ्या डाव्या पायापाशी होती आणि अंपायर येताना मला दिसत होते. शेवंताबाई बादली घेऊन आल्या, तेव्हा त्यांना नीट सारवता यावं म्हणून मी पाय बाजूला घेतला.

स्थळ : जुईनगर, नवी मुंबई
दिनांक : १६ नोव्हेंबर २०२५