गुंडावरचं नाव

१२ नोव्हेंबर, शहापूर

बाबांच्या डाव्या डोळ्याची पट्टी काल निघाली. मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस बारीक काम नको. म्हणजे भांड्यांवर नावं टाकणं बंद. बाबा घरभर कुरकुर करत फिरतात. तोवर दुकान माझ्याकडे. इन्स्टिट्यूटमधून रजा घेतली, पण काम लॅपटॉपमध्ये बसून मागोमाग आलंच.

सकाळी ऑटोनं भंडाऱ्याला, दुकानात. दोन्हीकडे धान कापून झालेलं, अन् धुकं एवढं की ऑटोवाल्याची पाठ तेवढी दिसत होती. मला आवडतं असं जायला.

१४ नोव्हें.

दुपारी गिऱ्हाईक नाही. पितळेवरून ऊन सरकत जातं. पाणी भरायचे गुंड, गडू, पराती, समया. सगळ्यांत मीच, दर भांड्यात नाक वेगळं. बाहेरून ट्रक गेला की वरच्या फळीवरच्या ताटल्या हलकेच वाजतात. झोप अन् जाग यांच्या मधलं काहीतरी.

इथं बसून कोड चालवायला बरं वाटतं. माझी जोडी दोन सूक्ष्म कणांची: एक केऑन, एक स्ट्रेंज बॅरिऑन. त्यांना जवळ आणते, दूर नेते. प्रश्न एवढाच की दोघं मिळून घर करतात का. ऊर्जेच्या उंबरठ्याच्या आत बसले तर बांधलेले, म्हणजे नवा कण. माझ्या आकड्यांत ते आत आहेत. जेमतेम. खर्ड्यात तसंच लिहिलंय. रेणू (पेपर आम्हा दोघींचा) रोज विचारते, कधी पाठवायचा.

अजून कुणी पाहिलेलं नाही त्याला. फक्त आमच्या कागदावर आहे. तरी दुपारी असं वाटतं, समयीमागून डोकावेल.

१५ नोव्हें.

बाबा न सांगता दुकानात. काळा चष्मा लावून. फळीवरचा नवा गुंड खाली घेतला, हात फिरवला.

“हा विकू नको. ह्यावर नाव टाकाचं हाय.”

“कुणाचं?”

“तुह्या मायचं. तू त्या कणाले तिचंच नाव देऊन राहिली ना?”

दिवाळीत मीच म्हटलं होतं. खरं नाव अक्षरं अन् आकडे, पण घरात आपण त्याला कमल म्हणू. मी विसरले. बाबा नाही विसरले.

आई नेहमी म्हणायची, जिल्ह्यातल्या सगळ्या नवऱ्यांची नावं टाकता, माझं एका वाटीवर तरी आहे का? खरंच नव्हतं. घरातल्या भांड्यांवर आजोबांचं, नाहीतर आहेर देणाऱ्यांचं. बाबा म्हणायचे, उद्या टाकतो. उद्या करता करता आई गेली.

म्हटलं, मग टाका ना असंच, कण कशाला पाहिजे त्याला?

“नाव उगाच नसते टाकत. खाली निमित्त लागते. लग्न, बारसं, वास्तू. अन् ते पक्कं लागते. टाकलेलं पुसते का? नाव टाकलेलं भांडं आपण वापस तरी घेतो का?”

निमित्त त्यांनी ठरवून आणलं होतं: मुलीने नवा कण शोधला त्यानिमित्त. मी आधी हसले. मग तराजूच्या मागं जाऊन उभी राहिले, रडू आलं म्हणून.

१८ नोव्हें.

दोघांमधल्या ओढीचे नवे आकडे आले, दुसऱ्या एका गटाचे, आमच्यापेक्षा नेटके. घातले. पोल, म्हणजे गणितात कण जिथं सापडतो तो बिंदू, उंबरठ्याकडे सरकत गेला, टेकला, अन् पलीकडे गेला. दुसऱ्या पत्र्यावर. (गणितात ज्याला शीट म्हणतात त्याला मी पत्रा म्हणते. दुकानाचा गुण.)

त्या पत्र्यावर घर होत नाही. दोघं एकमेकांना ओढतात, जवळ आले की रेंगाळतात, अन् आपापल्या वाटेनं जातात. मोजणाऱ्याला आलेखात उंबरठ्यापाशी एक उंचवटा दिसेल, इतकी ओढ खरी. पण कण नाही.

पुन्हा चालवलं. तेच.

पुन्हा. नव्या आकड्यांना थोडं हलवलं तर काठावर येतो. आत येईल असंही म्हणता येत नाही, येणार नाही असंही नाही.

१९ नोव्हें.

रेणूचा फोन. “अगं, जुने आकडेपण छापलेलेच आहेत ना. तेच ठेव. बांधलेला म्हटलं तर लोक वाचतील. मार्चमध्ये तुझी फेलोशिप संपते, माझी पण.”

खोटं काहीच नाही त्यात. म्हटलं, बघते.

दिवसभर कोड उघडलंच नाही. चिंच लावून पराती घासल्या.

२१ नोव्हें.

गल्ल्यावर डोकं टेकून डोळा लागला. आई दिसली. तळ्यावरून आली, कमरेवर गुंड, भरलेला. घराच्या उंबरठ्यापाशी येऊन थांबली. म्हटलं, ये ना आत. म्हणाली, पाय ओले आहेत, वाळू दे. मी वाट पाहत बसले. पाय वाळतच नव्हते. तिला काही घाई नव्हती, मलाही नव्हती. फार बरं वाटत होतं.

एका बाईनं काउंटर वाजवला. लेकीच्या लग्नाचा गडू, नावासकट पाहिजे. बाबांच्या डोळ्याचं सांगितलं. “थांबतो आमी. मशीनचं नाव नाही पाहिजे.”

उरलेली दुपार आईच्या त्या ओल्या पावलांतच गेली.

२४ नोव्हें.

आज सांगितलं. अंगणात धान वाळत घातलेलं, बाबा पायानं पसरवत होते.

“बाबा, गुंडावर इतक्यात काही टाकू नका.”

“काहून?”

“कण नसेल बहुतेक.”

“‘नसेल’ का ‘नाहीच’?”

“ते माहीत नाही. दोघं ओढतात एकमेकांना. पण थोडं कमी पडतं.”

बाबांनी धानातून पायानं आणखी एक फेरा मारला. मग, “मंग लोकाइले मी काय सांगू आता?”

“कुणाकुणाला सांगितलंत?”

“डॉक्टरले सांगतलं. ऑपरेशन करून राहिला होता तेव्हा.”

मला हसू फुटलं. नको होतं फुटायला. बाबा चिडले. “हासून काय राहिली? लिहून दे ना पेपरात, हाय म्हणून. कोण पाहाले चाललं तिथं?”

रेणू बोलली तेच, फक्त आपल्या बोलीत. मी म्हटलं, निमित्त कच्चं असलं तर तुम्ही टाकाल का नाव? तसेच आत गेले. जेवायला हाक मारली तर भूक नाही म्हणाले. म्हाताऱ्या माणसाच्या हातातलं काहीतरी काढून घेतल्यासारखं झालं मला. फार वाईट वाटलं.

२६ नोव्हें.

खर्डा बदलला. शीर्षकातून ‘बांधलेला’ काढलं. आता ‘उंबरठ्याजवळ’ एवढंच, अन् दोन्ही शक्यता लिहिल्या. रेणूला पाठवला. आधी नुसतं ‘ठीक’ आलं. संध्याकाळी दुसरा मेसेज: “बरोबर तूच आहेस, पण मला राग आलाय.” येऊ दे. मलाही येऊन राहिला आहे.

बाबा कामापुरतं बोलतात.

२९ नोव्हें.

डॉक्टरांनी बारीक कामाला हो म्हटलं. बाबा माझ्याआधी आवरून ऑटोत. दुकानात आल्या आल्या आधी तो गुंडच मांडीत घेतला. छिन्नी, छोटी हातोडी.

म्हटलं, बाबा.

“तू तुहं काम कर.”

मी पाठ करून बसले. टिक. टिक. एक टिंब, मग शेजारी दुसरं. मधेच थांबत होते, डोळा मिटून घेत असावेत. गुंड रिकामा, दर टिंबाला आतून बारीकसा गुणगुणायचा. ऊन माझ्या कीबोर्डवरून पायांवर उतरलं तरी चालूच. मी एक ओळ लिहिली नाही. आता खालची ओळ टाकतील, मग काय करायचं, एवढंच डोक्यात.

आवाज थांबला. वळून पाहिलं. फडक्यानं पुसत होते.

कमल.

खाली काही नाही. कोरं पितळ, दोन ओळी मावतील एवढं.

“अन् खालचं?”

“जागा ठेवली हाय.”

“निमित्त पक्कं असल्याशिवाय नाव टाकत नाही म्हणालात.”

“नाव पक्कं हाय,” बाबा म्हणाले.

मग लग्नाचा गडू मागितला अन् कामाला लागले. घरी येताना ऑटोत माझ्या मांडीवर जेवणाचा रिकामा डबा होता, मी त्याला धरून बसले. आई असती तर म्हणाली असती, एवढ्या उशिरा सुचलं का तुम्हाला?

२ डिसेंबर

उद्या निघायचं. पेपर काल पाठवला. मार्चनंतरचं काही माहीत नाही. कुठंतरी नवी मोजणी चालू आहे, उंचवटा दिसला तर आकार कळेल, अन् मग जोडी आत आहे की बाहेर तेही. कधी, ते कुणी सांगत नाही. म्हटलं तर वाईट वाटायला पाहिजे. पण दुपारी दुकानात ऊन आलं अन् मी पुन्हा समयीमागं पाहत बसले.

एका गिऱ्हाइकानं गुंड उचलला. उलटसुलट केला.

“ही कमल कोण जी? खाली कशाचं ते लिहिलंच नाही.”

बाबांनी त्याच्या हातून घेतला, फडकं फिरवलं, परत जागेवर ठेवला.

“निमित्त येऊन राहिलं हाय.”

दुकान बंद करताना सगळी हत्यारं पेटीत गेली. बारीक छिन्नी तेवढी बाबांनी गुंडाजवळ राहू दिली.